सर्व्हिक्स (गर्भपिशवीचं तोंड) १९ मिमी, २१वा आठवडा चालू. कोणाला अनुभव आहे का? (इंदूर)

शिप्राकाठ
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. माझी पहिलीच वेळ आहे. परवा अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट आहेत का बघायची सोनोग्राफी) झाला. बाळ अगदी व्यवस्थित आहे. पण पोटावरून बघता बघता सोनोग्राफीवाल्या मॅडम थांबल्या, लघवी करून या म्हणाल्या आणि मग आतून सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये सर्व्हिक्सची लांबी १९ मिमी लिहिली आहे, आतल्या बाजूचं तोंड थोडं फनेलसारखं उघडलंय असंही लिहिलंय. आधी कधी गर्भपात नाही, कुठलं ऑपरेशन नाही, पोट दुखत नाही, अंगावरून लाल जात नाही. मला काही म्हणजे काहीच जाणवत नाहीये, म्हणून तर विश्वास बसत नाही.

डॉक्टरांनी रात्री आत ठेवायला प्रोजेस्टेरॉनची २०० ची कॅप्सूल दिली आहे. आठवड्याने परत मोजणार. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालण्याचं विचारलं तर म्हणाल्या, आत्ता नको, बघू. इकडे घरी सासूबाई काळजीने अर्ध्या झाल्यात. पलंगाच्या पायथ्याला विटा लावून झाल्या, जेवणसुद्धा पडल्या पडल्या. वन्सं म्हणतात, भोपाळला त्यांच्या ओळखीत लगेच टाका घातला, तुझ्या डॉक्टर का थांबल्यात? आम्ही सुदामानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हे पीथमपूरला शिफ्टमध्ये असतात. माझं ऑफिस विजयनगरला, स्कूटीने जात होते. माहेर ग्वाल्हेरचं, सातव्यात आई न्यायला येणार हे कधीच ठरलंय.

टाका घालायला हवा का? खरंच पडून राहायचं का? आणि स्कूटीमुळे झालं असेल का हे? झोप लागत नाहीये.

बडोदेकरीण
अगं, आधी पाणी पी आणि शांत बस. १९ म्हणजे शून्य नाही.

माझं सांगते. पहिलं बाळ बाविसाव्या आठवड्यात गेलं. कळा नाहीत, काही नाही, नुसतं खाली जड जड वाटत होतं, दवाखान्यात पोचेपर्यंत तोंड उघडलेलं. त्या बाळाबद्दल आजही लिहिताना हात थांबतो, म्हणून इतकंच. दुसऱ्या वेळी इथे बडोद्यात डॉक्टरांनी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आतून मोजायला सुरुवात केली. विसाव्यात २३ मिमी आली आणि दोन दिवसांत टाका घातला. कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करतात, थोड्या वेळाचंच काम असतं. गर्भपिशवीच्या तोंडाभोवती बटव्याची दोरी ओढावी तसा धागा ओवून बांधतात. दुसऱ्या दिवशी घरी. चार दिवस थोडं लाल डाग दिसले, मग बंद. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला, भूल न देता, नुसती नेहमीच्या तपासणीसारखी तपासणी. लेक आता शाळेत जाते.

पण माझ्यामागे आधीचा इतिहास होता. तुझ्यामागे नाही. त्यामुळे तुझ्या डॉक्टर थांबल्यात त्याला कारण असणार.

मंदामावशी
बाळ, सासूबाईंचं ऐक. आमच्या वेळी असं काही म्हटलं की बाई तीन-तीन महिने पलंगावरून उठत नसे, विटा लावून पाय वर. माझ्या जावेचा मुलगा तसाच वाचला. नोकरी काय, पुन्हा मिळेल. उगाच जिने चढउतार करू नकोस.

प्रसूतिगृह
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इंदूरातच प्रॅक्टिस करते. शिप्राकाठ, तुला तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुझ्या डॉक्टरांचाच. पण तुझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे आणि ते तुला नीट कळलं पाहिजे.

आधी मोजणी. गर्भारपणाच्या मध्यावर सर्व्हिक्स साधारण ३५ ते ४० मिमी असते. चोविसाव्या आठवड्याआधी २५ च्या खाली आली की आम्ही तिला आखूड म्हणतो. ही मोजणी आतूनच, आणि मूत्राशय रिकामं असतानाच करायची असते. लघवी भरलेली असली की दाबामुळे सर्व्हिक्स ताणून लांब दिसते, आणि पोटावरून बघताना ती नेमकी दिसतही नाही. तुझ्या सोनोग्राफीवाल्या मॅडमनी तुला उठवून लघवीला पाठवलं, हे त्यांनी फार चांगलं केलं. पुष्कळ ठिकाणी पोटावरूनच ‘३४ मिमी, नॉर्मल’ लिहून मोकळे होतात आणि मग बाई थेट कळा घेऊनच येते. पुढच्या वेळीही शक्यतो त्याच मॅडमकडून, त्याच मशीनवर मोजून घे. दोन-तीन मिमीचा फरक हाताहातात पडतो. १९ चे १८ झाले म्हणून रडायचं नाही आणि २१ झाले म्हणून पेढे वाटायचे नाहीत.

आता औषध. आधी मुदतपूर्व बाळंतपण झालेलं नाही, एकच बाळ आहे, सर्व्हिक्स आखूड आहे, अशा बाईला आत ठेवायचं प्रोजेस्टेरॉन हाच पहिला उपाय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ मिमी किंवा त्याहून कमी लांबी असलेल्या बायकांना रोज रात्री हीच २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली होती. ३४ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या दिखाऊ कॅप्सूलच्या गटात ३४.४ टक्के होतं, औषधाच्या गटात १९.२ टक्के. पूर्ण हमी नाही, पण जवळजवळ निम्म्याचा फरक आहे. आणि मुद्दाम बघ, ज्यांना काहीच औषध नव्हतं त्यांच्यातल्याही दोन तृतीयांश बायका ३४ आठवड्यांच्या पुढे गेल्या. रात्री तीन वाजता जाग आली की हा आकडा आठव.

टाका. बडोदेकरीणसारखा आधीचा इतिहास असेल आणि लांबी २५ च्या खाली गेली, तर टाक्याचा फायदा स्पष्ट आहे. इतिहास नसताना १९ ला टाका घालून प्रोजेस्टेरॉनपेक्षा जास्त काही मिळतं असं दिसलेलं नाही, आणि टाका म्हणजे शस्त्रक्रिया, तिच्यात जंतुसंसर्गाची आणि पाणमोट फुटण्याची थोडी का होईना भीती असतेच. लांबी १० च्या खाली घसरली, किंवा तपासताना तोंड उघडलेलं दिसलं, तर तुझ्या डॉक्टर स्वतःच टाक्याचं बोलतील. म्हणून तर आठवड्याने बोलावलंय. वन्संच्या ओळखीतल्या बाईचा इतिहास काय होता ते विचार, बहुतेक उत्तर तिथेच मिळेल.

जाता जाता सांगते, कारण आपल्या लोकांना हे ठाऊक असावं. हा टाका जगाला दिला तो मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी. मूळचे गोव्याचे, १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज कुठल्याही देशातल्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात शिरोडकर टाका सापडतो. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत काढली, ती हल्ली जास्त वापरतात.

आणि स्कूटी. नाही गं. स्कूटीने, जिन्याने, पपईने, दोन्ही हात वर करून कपडे वाळत घातल्याने सर्व्हिक्स आखूड होत नाही. काहींची जन्मतःच तशी असते, काहींच्या तोंडावर आधी काही शस्त्रक्रिया झालेली असते, कधी आत बारीकसा जंतुसंसर्ग असतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. लघवीची तपासणी मात्र कल्चरसकट (जंतू आहेत का ते वाढवून बघतात) करून घे, जळजळ नसली तरी.

शिप्राकाठ
डॉक्टरताई, हे मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन तृतीयांशवाला आकडा त्यांनी फ्रिजवर लिहून लावलाय. पण पडून राहण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

प्रसूतिगृह
मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण घराघरात वाद होतात ते यावरूनच.

मंदामावशी, तुमची माया कळते, आणि त्या काळी डॉक्टरसुद्धा हेच सांगत. पण पलंगावर खिळून राहिल्याने बाळंतपण पुढे जातं, असं तपासल्यावर आढळलेलं नाही. २०१३ साली पहिलटकरणींचाच अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळ्यांची सर्व्हिक्स ३० मिमीच्या खाली. ज्यांना हालचाल कमी करायला सांगितलं होतं, त्यांच्यातल्या सुमारे ३७ टक्के ३७ आठवड्यांआधी बाळंत झाल्या, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के. आता ज्यांची अवस्था जास्त नाजूक त्यांनाच विश्रांती सांगितली गेली असणार, हे खरं. ते हिशेबात धरूनही विश्रांतीचा फायदा दिसला नाही. उलट महिनोन्‌महिने झोपून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते, आणि गर्भारपणात ती आधीच जास्त असते. स्नायू गळतात, हाडं कमकुवत होतात, बद्धकोष्ठ होतं आणि मन पार खचतं. बाळंत झाल्यावर तिला उभं राहता येत नाही, अशी बाई मी पाहिली आहे.

म्हणजे नाचत सुटायचं असं नाही. जड उचलू नये, तासन्‌तास उभं राहू नये, दमलं की आडवं व्हावं, शरीरसंबंध पुढच्या तपासणीपर्यंत टाळावेत असं आम्ही बहुतेक सांगतो. पण घरातल्या घरात फिरणं, अंघोळ, बसून जेवणं, भाजी निवडणं, सगळं चालतं. आणि त्या विटा काढून टाका. पाय वर करून झोपल्याने जळजळ वाढेल, दुसरं काही नाही.

मंदामावशी
तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणता तर मान्य. पण एक सांगू? सासूबाईंना नुसतं ‘हे चुकीचं’ म्हणू नका गं. त्यांना दुसरं काम द्या. मला माझ्या सुनेच्या वेळी डॉक्टरणीने समोर बसवून सांगितलं की रोज दोनदा तिला भरपूर पाणी, दूध, ताक पाजायचं आणि गोळीची वेळ पाळायची जबाबदारी तुमची. मग माझाही जीव थाऱ्यावर आला.

रेवा
मावशी, अगदी खरं. पुढच्या व्हिजिटला सासूबाईंना बरोबर घेऊन जा, शिप्राकाठ. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं.

कॅप्सूलबद्दल थोडं, कारण हे कोणी आधी सांगत नाही. सकाळी पांढरट, मेणचट, तेलकट असं काहीतरी बाहेर येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं पाणीच गेलं आणि मी घाबरून दवाखाना गाठला. तो कॅप्सूलचा उरलेला भाग असतो, औषध आत शोषलेलं असतं. पातळ पॅड लावून झोप. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे माळ्याखालच्या कपाटात कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, पाकिटावर लिहिलेल्या तापमानात ठेव.

पांढरट मेणचट आणि पाण्यासारखं पातळ यातला फरक मात्र ओळखायला शिक. पाण्यासारखं, थांबत नाही, पॅड भिजतं, असं असेल तर वाट बघायची नाही.

लष्करवाला
मी बाप आहे. ग्वाल्हेरचा, आता नोकरीसाठी इंदूरला. आमचा मुलगा २९ आठवड्यांचा जन्मला. आज ठणठणीत आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना धडकी भरू नये.

बायकोला संध्याकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही जिथे नाव घातलं होतं तिथे गेलो. बाळंतपणाची सोय उत्तम, पण इतक्या लहान बाळासाठी व्हेंटिलेटर नव्हता. तिथल्या डॉक्टर प्रामाणिक, त्यांनी लगेच एक इंजेक्शन देऊन बाळ पोटात असतानाच दुसरीकडे हलवलं. नंतर कळलं की यानेच बाळ वाचलं. जन्मल्यावर तान्ह्या बाळाला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं कितीतरी सुरक्षित असतं.

म्हणून आत्ताच, सगळं शांत असताना, शिप्राकाठच्या यजमानांनी एक दिवस काढावा आणि हे विचारून ठेवावं: जिथे नाव घातलंय तिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का, किती आठवड्यांच्या बाळापर्यंत घेतात, रात्री बाळांचे डॉक्टर तिथेच असतात की बोलावावे लागतात, बेड रिकामा नसेल तर कुठे पाठवतात, रोजचा खर्च किती. खर्चाचं विचारायला लाजू नका, हा मुक्काम लांबतो. सरकारीत जायचं तर इंदूरला एमटीएच आणि एमवाय ही रुग्णालयं आहेत, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे आणि आजारी नवजात बाळाचेही पैसे लागत नाहीत. १०८ नंबर शेजाऱ्यांच्या फोनमध्येसुद्धा टाकून ठेवा, तुम्ही शिफ्टला असाल तेव्हा जिन्यावरून खाली आणणारा माणूस कोण, हेही ठरवा.

पाळणाघर
मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होते, आता निवृत्त. लष्करवाल्यांनी ज्या इंजेक्शनचं लिहिलंय ते स्टेरॉइडचं. आपल्याकडे डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. किंवा बीटामेथासोनचे दोन, चोवीस तासांच्या अंतराने. बाळाची फुप्फुसं लवकर पक्की होतात. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून किती बाळं वाचली याला गणती नाही. पण हे इंजेक्शन ‘असू दे’ म्हणून आधीच घ्यायचं नसतं. पुढच्या सात दिवसांत बाळंतपण होईल अशी चिन्हं दिसली की द्यायचं, तेव्हाच त्याचा खरा उपयोग. म्हणून सर्व्हिक्स १९ आहे, मला इंजेक्शन का नाही दिलं, असं वाटून घेऊ नकोस. फारच लवकर कळा आल्या तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही शिरेतून देतात. कळा थांबवायच्या गोळ्या असतात, पण त्या दोन दिवसांची उसंत मिळावी, स्टेरॉइडचा डोस पुरा व्हावा, एवढ्यासाठीच.

लवकर जन्मलंच तर बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरायचं, कांगारूसारखं. बाप, आजी, कोणीही धरू शकतं. एक बाळ होतं, दीड किलोच्याही आतलं. आजोबांच्या छातीवर ठेवलं की मॉनिटरवरचे ठोके संथ आणि सारखे व्हायचे, आजोबा तासभर हलायचे नाहीत. दूध आईचंच, थेंबभर का असेना, पिळून काढून. आणि ३४ आठवड्यांआधीच्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत झालीच पाहिजे. घरी गेल्यावर हे हमखास राहून जातं आणि दृष्टी गमावण्याची वेळ येते. धागा वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

शिप्राकाठ
दुसरी मोजणी झाली, १८ मिमी. डॉक्टर म्हणाल्या, स्थिर आहे, तेच औषध चालू. सासूबाई बरोबर होत्या. विटा गच्चीवर गेल्या! आता रात्री नवाच्या ठोक्याला दूध आणि गोळीची आठवण.

कधीकधी पोट एका बाजूला टणक होतं आणि मिनिटभरात सैल पडतं. हे काय? आणि ऑफिसचं काय करू? रजा आत्ताच संपवली तर बाळ आल्यावर काय?

प्रसूतिगृह
अधूनमधून, अनियमित, कूस बदलली किंवा पाणी प्यायलं की थांबणारं टणक होणं हे बहुतेक वेळा साधं असतं. तासाभरात चार-सहा वेळा, ठरावीक अंतराने, थांबत नाही असं झालं तर फोन. पाळीत दुखते तशी कंबर किंवा ओटीपोट दुखून येणं, बाळ खाली दाबतंय असं वाटणं, पाण्यासारखं किंवा शेंबडासारखं अचानक जास्त जाणं, लाल जाणं, ताप, यातलं काहीही असलं तर फोन न करता थेट निघायचं. रात्री अडीच वाजले असले तरी. दहा वेळा येऊन काही निघालं नाही तर आम्हाला आनंदच आहे.

रेवा
रजेचं: २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवडे भरपगारी मिळतात, त्यातले बाळंतपणाच्या तारखेआधी जास्तीत जास्त आठ घेता येतात. त्याशिवाय गर्भारपणातल्या आजारपणासाठी किंवा मुदतीआधी बाळ जन्मलं तर महिनाभरापर्यंत वेगळी भरपगारी रजा असते. डॉक्टरांचं पत्र लागतं. एचआरला हे लेखी विचार, तोंडी विचारलं की ‘बघतो’ म्हणतात. घरून काम करायला मिळालं तर रजेला हात लावूच नकोस.

शिप्राकाठ
घरून काम मिळालं! आता माहेरचा प्रश्न. आई डोहाळजेवण ग्वाल्हेरला थाटात करायचं म्हणतेय, हॉलसुद्धा बघून ठेवलाय. मला नाही म्हणवत नाही, तिने हौसेने हिरवी साडी घेतलीय.

बडोदेकरीण
साडी इंदूरला येऊ शकते ना गं! आईला सांग, ओटी सुदामानगरलाच भर. माझं डोहाळजेवण घरातच झालं, खुर्चीवर बसून, आठ-दहा बायका, फुलांची वाडी भरली, बर्फी-पेढा ओळखून झाला आणि तासाभरात आटोपलं. आईच दोन महिने राहायला आली. ग्वाल्हेर काही जवळ नाही, वाटेत काही झालं तर कुठल्या गावात उतरणार?

लष्करवाला
मी ग्वाल्हेरचा असूनही हेच सांगेन. तिथे कमलाराजा रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत, सगळं आहे. पण प्रश्न मधल्या रस्त्याचा आहे. आणि तुमची सगळी फाईल, तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टर इंदूरला आहेत.

शिप्राकाठ
अठ्ठाविसावा पूर्ण झाला. आई आलीय, साडीसकट. चोविसाव्यात शेवटची मोजणी १७ होती. त्यानंतर डॉक्टर म्हणाल्या, आता त्रास असेल तरच मोजू. एनआयसीयू यांनी जाऊन पाहिला, तिथल्या सिस्टरनी सगळं नीट सांगितलं. काल मात्र आई आणि सासूबाई दोघी गप्पांत रंगल्या आणि गोळी राहून गेली, पहाटे पाचला आठवलं. तेव्हाच ठेवली. चालेल ना? आणि गोळी कधीपर्यंत?

प्रसूतिगृह
चालेल. लक्षात येताच ठेवलीस हे बरोबर. आज रात्री नेहमीच्या वेळी एकच, दोन नकोत. साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, पण बंद कधी करायची ते तुझ्या डॉक्टर सांगतील, आपणहून सोडू नकोस. आणि फाईलमध्ये रक्तगटाचा कागद, अ‍ॅनॉमली स्कॅन आणि सर्व्हिक्सचे सगळे रिपोर्ट एकत्र लावून ती दाराजवळ ठेव. कपाटात नको.